उलट बाजूचे सर

सर, काल दुपारी खोली चौतीस अंशांच्या वर गेली आणि आपला सिग्नल मेला, जिथं मरायला हवा बरोबर तिथंच. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत गेला, मग नुसती थरथर उरली. आपली पीएच.डी.ची रुकसाना माझ्याकडे बघत होती आणि मी तुमच्या खुर्चीकडे. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "लाइटचं व्होल्टेज पडलं असंल. लेसर दमला. आधी ते बघ, मग नाच." मी नाचले नाही. ओरडायला कोणी नसलं की नाचण्यात काही मजा राहत नाही.

तुम्हाला जाऊन अजून फार दिवस झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसलेय. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं? पण आपण आजवर दुसरं केलंय काय? विभागातल्या शोकसभेत एक जण तुम्हाला मितभाषी म्हणाले. मितभाषी! मला आधी हसू आवरेना, मग रडू आवरेना. शेजारच्या मॅडमनी रुमाल दिला. तुम्ही मितभाषी असता तर माझा पेपर मागच्याच उन्हाळ्यात छापून आला असता आणि मी तुम्हाला कधीच विसरून गेले असते. म्हणून तिथं मी बोलले नाही. हे घरी बसून लिहितेय.

आपलं काम काय होतं ते तुमच्याच पद्धतीनं सांगते, म्हणजे तुमच्या घरी काकूंनी हे वाचलं तर त्यांनाही कळेल. लोखंडाच्या चुंबकात सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, म्हणून तो खिळे ओढतो. आपल्या क्रोमियम ऑक्साइडच्या खड्यात तसं नाही. तिथं पंगत बसलेली असते, पण एकाचं तोंड पूर्वेला, शेजारच्याचं पश्चिमेला, त्याच्या पुढच्याचं परत पूर्वेला. सगळ्यांची ओढ एकमेकांत जिरून जाते. बाहेरून बघावं तर खडा मुका, साधी टाचणी ओढत नाही. याला अँटीफेरोमॅग्नेट म्हणतात. अशा मुक्या खड्यावर लेसरचा उजेड पाडायचा आणि आतली जी चुंबकी गिरकी असते, जिला आपण स्पिन म्हणतो, ती वाहती करायची. वीज वाहायची नाही, नुसती गिरकी वाहायची. खड्याच्या डोक्यावर प्लॅटिनमची बारीक पट्टी चढवलेली असते. गिरकी त्या पट्टीत शिरली की पट्टीच्या दोन टोकांत इवलंसं व्होल्टेज उमटतं. आपल्या हाती लागतं ते एवढंच. उद्या यातून कमी तापणारी, कमी वीज खाणारी यंत्रं निघतील असं सगळे म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "निघंल तवा निघंल, आज आकडा खरा हाय का ते सांग."

आणि चौतीस अंशांच्या आसपास ही पंगत उठते. जो तो वाट्टेल तिकडं तोंड करतो आणि खेळ संपतो. थंड देशातल्या लोकांना हे बघायला खडा मुद्दाम तापवावा लागतो. आपल्याकडं एप्रिलात नुसती दुपार व्हावी लागते. एसी बंद पडला तेव्हा मी अर्ज करत सुटले होते आणि तुम्ही म्हणालात, "असू दे. फुकटची भट्टी मिळाली." कूलर तर तुम्ही लावूच दिला नाहीत, दमट हवेनं आरसे खराब होतात म्हणून. आपण दोघं घामानं निथळत बसायचो आणि पंगत कधी उठते ते बघायचो.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. हे व्होल्टेज उजेडानं येतं. लेसरचा उजेड गिरक्या घेत पुढं जातो. वाटेतली स्फटिकाची प्लेट वळवली की तो उजवीकडं गिरक्या घेतो, परत वळवली की डावीकडं. उजव्याला व्होल्टेज एका चिन्हाचं, डाव्याला उलट्या चिन्हाचं. उष्णतेला उजवं-डावं कुठलं कळायला? मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "प्लेट वळवल्यावर लेसरचा ठिपका जागचा हलत नाय कशावरून?"

मी म्हटलं, हलत असेल केसभर.

"केसभर बास झालं की. एका वेळी पट्टीचं हे टोक तापंल, दुसऱ्या वेळी ते. टोक बदललं की चिन्ह बदललं. झालं तुझं उजवं-डावं."

"मग चौतीसला का मरतं?"

"उष्णतेनंबी गिरकी वाहती, बाई. एक बाजू गरम, एक गार, की निघाली. पंगत उठली की तीबी थांबंल. गिरकी वाहती हे मला मान्यच हाय. तिला ढकलतंय कोण, एवढंच इचारतो मी."

एवढंच. या 'एवढंच'नं माझे किती उन्हाळे खाल्ले ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

उलटा शनिवार तुम्ही कधी सुरू केलात ते मला माहीत नाही. मी एम.एस्सी.ला आले तेव्हा तो होताच. शनिवारी दुपारी चहा झाला की ज्यानं आठवडाभर काही मोजलंय त्यानं फळ्यापुढं उभं राहायचं आणि स्वतःच्याच निकालाविरुद्ध बोलायचं. "सोताच्या बाजूनं बोलायला काय अक्कल लागती?" असं तुमचं म्हणणं. नवीन पोरं रडकुंडीला यायची. पण पोरगं स्वतःला खोटं पाडायला लागलं रे लागलं की तुम्ही खुर्चीतून उठायचात आणि त्याच्या निकालाची बाजू घ्यायचात. समोरचा जे बोलेल त्याच्या उलट बोलायचं, हा तुमचा नियम. त्यामुळे व्हायचं असं की ज्याचं काम त्यालाच तुम्ही पटवून द्यायचात की बाबा, तुझं बरोबर आहे.

रुकसानाचा पहिला शनिवार मला अजून दिसतो. स्वतःच्या आलेखात तिनं इतकी भोकं दाखवली की आम्हाला वाटलं, आता ही पीएच.डी. सोडून घरी जाणार. तुम्ही उठलात, तिच्या हातातला खडू घेतलात आणि एकेक भोक बुजवत गेलात. शेवटी तीच म्हणाली, "सर, मतलब मेरा सही था?" तुम्ही म्हणालात, "मला काय माहीत? तू खोटं म्हणालीस, म्हणून मी खरं म्हणलो." ती त्या दिवशी बस स्टॉपपर्यंत पळत गेली. मी खिडकीतून पाहिलं होतं.

तुमचं स्वतःचं मत काय, हे मात्र कोणालाच कधी कळलं नाही. तुम्ही नेहमी समोरच्याच्या उलट. समोरचा बदलला की तुम्हीही बदललात.

आणि या क्रोमियम ऑक्साइडच्या बाबतीत मी उलटं बोलायला साफ नकार दिला होता. आठवतं? मी म्हटलं होतं, "सर, बाकी कशावरही बोलेन, यावर नाही. मला दिसतंय ते मी नाही कसं म्हणू?" मी शेंद्र्याची. जमिनी कारखान्यांत गेल्या तरी आमच्या घरातला ताठा गेला नाही, असं तुम्ही चिडवायचात. त्या दिवशीही चिडवलंत आणि म्हणालात, "बरं. मग उष्णतेच्या बाजूनं मलाच बोलावं लागंल." तिथून पुढं दर शनिवारी मी उजेड, तुम्ही उष्णता. विभागातली पोरं म्हणायची, मॅडम आणि सरांचं एकूण चुंबकत्व शून्य. तुम्हाला ते फार आवडलं होतं. काकूंनाही सांगितलंत.

शहागंजची ती दुपार तुम्ही असतानाही मी दहादा सांगितली असेल. लेसरच्या टेबलाला चारी बाजूंनी अंधार करायचा होता, त्यासाठी जाड काळं कापड हवं होतं. दुकानदारानं विचारलं, "साब, पडदे के वास्ते होना क्या?" तुम्ही म्हणालात, "नै मियाँ, उजाला पकडना है." तो बघतच राहिला. "उजाला पकडने को काला कपडा?" मग काय, तुम्ही गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसलात आणि त्याला पंगत, गिरकी, प्लॅटिनम सगळं सांगितलंत. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी त्यानंच विचारलं, "तो ये उजाले से होता, के गर्मी से?" मी कान टवकारले. तुम्ही माझ्याकडं बोट दाखवून म्हणालात, "यहीच तो झगडा है." आणि कापड डोक्यावरून ओढून घेऊन भर बाजारात उभे राहिलात. आतून आवाज आला, "वैशाली, काय बी दिसत नाय. हेच घे." येणारेजाणारे हसत होते. मला इतकी लाज वाटली होती, सर. आज त्या गल्लीतून गेले तर त्याच दुकानासमोर उभी राहीन.

आणि पाण्याचे दिवस. पट्टी चढवायच्या मशीनचा पंप थंड ठेवायला पाणी लागतं, आणि आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते जायकवाडीलाच माहीत. धरण भरलेलं असलं तरी आपला नळ कोरडा. म्हणून नळाला पाणी येईल तोच कोटिंगचा दिवस, असं तुम्ही ठरवून टाकलंत. भल्या पहाटे फोन वाजायचा. "पाणी आलंय. ये." बस एवढंच. मी केस न विंचरता निघायचे. तुम्ही आधीच येऊन ड्रम भरून ठेवलेले असायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खडा घासून आरशासारखा करायचं काम तुम्ही कोणाला देत नव्हतात. मी शिकायचा प्रयत्न केला, पण माझ्या हाताला ती सफाई आली नाही. तुम्ही म्हणायचात, "आम्ही मेंढरामागं फिरलेली माणसं. आम्हाला घाई म्हाईत नाय." ज्या एका खड्यावर माझा सगळा पेपर उभा आहे, तो तुमच्या हातचा आहे. दुसऱ्या कुठल्याच खड्यानं इतकं स्वच्छ व्होल्टेज दिलं नाही.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला. शुक्रवार होता. मी पेपरच्या आकृत्या करत बसले होते आणि डोकं भणभणत होतं. तुम्ही म्हणालात, "वैशाली, उद्या तू एकदा उष्णतेच्या बाजूनं बोल की. मला जरा दुसरीकडून बोलायचंय."

मी म्हटलं, "सर, आधी पेपर पाठवू. मग काय बोलायचं ते बोलू."

"बरं," म्हणालात. "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते. सकाळी काकूंचा फोन आला.

मला तुमचा राग येतो, सर. हे असं लिहू नये, पण येतो. जाणाऱ्या माणसानं काहीतरी सांगून जावं. आयुष्यभर दुसऱ्याच्या उलट बोललात, मग जाताना तरी एकदा स्वतःचं म्हणून काही बोलायचं होतंत. मी म्हटलं असेल मग बोलू. तुम्ही म्हणायचं होतं, मग नाही, आत्ता. माझ्यावर ओरडायला तुम्हाला कधी कोणाची परवानगी लागली होती?

कारण आता माझ्यापुढं प्रश्न येऊन पडलाय तो वेगळाच. पेपर पाठवताना एक खूण करावी लागते: सर्व लेखकांनी हा मजकूर वाचला आहे आणि त्यातले निष्कर्ष त्यांना मान्य आहेत. पेपर म्हणतो, व्होल्टेज उजेडानं येतं. तुमचं नाव टाकायचं तर मला म्हणावं लागतं की तुम्हाला ते मान्य होतं. न टाकायचं तर खडा तुमचा, पट्टी तुमची, प्रत्येक शंका तुमची, आणि नाव एकटीचं माझं. ते माझ्यानं होणार नाही. विभागातले सगळे म्हणतात, "टाका हो मॅडम, सरांना आनंदच होईल." आनंद होईल हे मलाही कळतं. पटलं होतं का, ते मी विचारतेय. त्याचं उत्तर एकाकडंही नाही.

म्हणून मी काकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे आम्ही तिथंच बोललो. मी विचारलं, "काकू, सर घरी या कामाबद्दल काही बोलायचे का?"

"लई बोलायचे गं. मी भाकऱ्या थापायची अन् ते इथं मोड्यावर बसून सांगायचे. खडा अन् पंगत अन् काय काय."

"मग काय म्हणायचे? उजेड की उष्णता?"

काकूंनी हात पुसले. "एकदा मी म्हणलं, अहो, वस्तू उजेडात धरली तर तापणारच की, त्यात काय येवढं? तर माझ्यावर वस्कन आले. म्हणले, तुला कळत नाय, वैशालीचं बरोबर हाय, उजेडच हाय तो."

मी ओट्याला धरून उभी राहिले. मला वाटलं, मिळालं. याच्यापुढं कोणी काही बोलू नये, मी इथूनच परत जावं आणि खूण करून टाकावी.

"मग?" मी विचारलंच.

"मग काय, पुढच्या खेपेला मी म्हणलं, बरं बाबा, उजेड तर उजेड. तर म्हणले, उजेड कशावरून?" काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "इतका संसार केला वैशाली, पण भाजीत मीठ कमी हाय का जास्त, हे बी त्या माणसानं कधी सरळ सांगितलं नाय. मी कमी म्हणलं की जास्त. मी जास्त म्हणलं की बरोबर हाय." आम्ही दोघी तिथंच बसलो, फरशीवर. बाहेरून कोणीतरी चहा मागत होतं. काकू म्हणाल्या, "पर तुझं नाव लई घ्यायचे. तेवढं सांगते. त्यात उलटसुलट काय नव्हतं."

ते मी ठेवून घेतलंय. त्याबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तरी आता ऐकणार नाही.

गेल्या शनिवारी सगळे जमले. चहा झाला. कोणी उठेना. पोरं एकमेकांकडं बघत होती, बहुतेक त्यांना वाटत होतं की आता हे बंद होणार. मग मीच फळ्यापुढं गेले आणि म्हणाले, "आज मी उष्णतेच्या बाजूनं बोलते." रुकसानानं मान झटकन वर केली. तिच्यादेखत मी हे पहिल्यांदाच म्हणत होते.

आणि मी बोलले, सर. ठिपक्याचं बोलले, टोकांचं बोलले, उष्णतेनं वाहणाऱ्या गिरकीचं बोलले. तुमचे सगळे मुद्दे तर मांडलेच, पण बोलता बोलता मला तुम्हालाही न सुचलेला एक मुद्दा सुचला. प्लॅटिनमची पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची आहे हे आपण धरून चाललो होतो, मोजलं कधीच नव्हतं. मी स्वतःच्या पेपरची चिंधी चिंधी केली. लाज वाटायला हवी होती, पण मला विलक्षण हलकं वाटत होतं. इतकी वर्षं एकच बाजू घेऊन खांदे आखडलेले, ते कोणी मोकळे करावेत तसं. उजेडाची बाजू रुकसानानं घेतली. पोरगी हुशार आहे, लढली. म्हणाली, "मॅडम, लेकिन गर्मी को सीधा-उलटा कैसे समजेंगा?" मी म्हटलं, ठिपका सरकतो. ती आणखी दोनदा काहीतरी म्हणाली, आणि मी ते दोन्ही खोडून काढलं.

मग मी थांबले. खडू हातात धरून, फळ्याला पाठ करून, मी खरंच थांबले होते. खुर्चीतून कोणीतरी उठेल आणि माझ्या हातातला खडू घेईल म्हणून. आता उष्णता म्हणणारी मी होते. आता उजेड म्हणायची पाळी तुमची होती.

तेव्हा मला तुमचा फोन कळला. मला जरा दुसरीकडून बोलायचंय. दुसरीकडून म्हणजे माझ्या बाजूनं. रुकसानाला तिच्या पहिल्याच शनिवारी जे दिलंत, ज्याला त्याला देत आलात, ते मी तुम्हाला कधी देऊच दिलं नव्हतं. माझं काम बरोबर आहे हे तुमच्या तोंडून ऐकायला मी किती शनिवार तडफडले, आणि त्यासाठी मला एकदा फक्त "चूक आहे" म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते. तुम्ही शेवटी फोन करून मागितलंत, तरी मला कळलं नाही.

का तेही नव्हतं? शनिवार आळणी होत चाललाय, जरा बाजू बदलून बघू, एवढाच विचार होता? तुमचं काही सांगता येत नाही. मी स्टुलावर बसले आणि सगळ्या पोरांसमोर रडले. रुकसाना म्हणाली, "मॅडम, पानी लाऊँ?" मी म्हटलं, आण. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी मी ठिपक्यावर कॅमेरा लावला. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात आणि मी म्हणत होते, गरज नाही. प्लेट वळवली. ठिपका सरकला. केसभरच, पण सरकला. तुमचं बरोबर होतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघून म्हटलंसुद्धा, बरोबर आहे सर, आणि ते ऐकायला खोलीत रुकसानाशिवाय कोणी नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून आरसे नव्यानं बसवले, प्लेट वळवली तरी ठिपका जागचा हलणार नाही असे. परत मोजलं. माझं व्होल्टेज अर्ध्याच्याही खाली आलं होतं.

पण उरलं. ते उजव्या-डाव्याला चिन्ह बदलतं. काल दुपारी पंगत उठल्यावर जे मेलं ते हेच उरलेलं. पट्टीची जाडीही दोन्ही टोकांना मोजली, ती सारखीच निघाली. सिग्नल उतरत होता तेव्हा रुकसानानं उठून लेसरची ताकदही मोजली. दमला नव्हता तो. मला वाटतं, हे उरलेलं खरं आहे, हे उजेडाचंच आहे. पण मला नुसतं वाटतं. आधी कशी मी ठणकावून सांगायचे, तसं आता येत नाही. माझ्यासमोर उलट बोलणारं कोणी असलं की माझा आवाज चढतो, हे मला तुमच्यामागं कळतंय. पेपरातली 'सिद्ध होते' अशी जागोजागची वाक्यं मी काढून टाकली आणि तिथं 'असे दिसते' लिहिलं. तुमची सगळी हरकत एक स्वतंत्र भाग करून घातली, माझ्याच हातानं, जितकी जोरात मांडता येईल तितकी जोरात. ते लिहिताना दोनदा वाटलं, तुम्ही मागं उभे राहून म्हणताय, "एवढं बी काय नाय, तुझ्याबी बाजूनं लई बोलता येतं."

आज पेपर पाठवला. तुमचं नाव टाकलंय. सर्व लेखकांना मान्य, या चौकटीत खूण केली नाही. खाली खुलासा लिहायला जागा असते, तिथं लिहिलं. आधी लिहिलं, सरांना हा निष्कर्ष मान्य होता. खोडलं. मग लिहिलं, मान्य नव्हता. तेही खोडलं, कारण तेही खोटंच. संपादकांना शेवटी इंग्रजीत जे गेलं ते मराठीत असं: या दिवंगत सहलेखकांनी खडा घडवला, त्यावर पट्टी चढवली आणि आमच्या प्रत्येक म्हणण्याविरुद्ध बाजू मांडली. हा निष्कर्ष त्यांना पटला होता की नाही, हे आम्हाला माहीत नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं.